चार नंबरचं ॲव्हरेज

सोमवार, ३ तारीख

आजपासून वही लिहायची. ऑफिसात ज्याच्याशी दोन शब्द बोलावेत असा एक माणूस नाही, घरी बोललं की बायको जांभई देते. वही जांभई देत नाही.

आमच्याकडे सहा पिकअप आहेत. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, एकाच आठवड्यात घेतलेल्या. एकाच पंपावर डिझेल भरतात, एकाच गोदामातून काच भरतात. खिडक्यांची, दारांची, आरशांची. फरक फक्त आत बसणाऱ्या गाढवांचा. म्हणून एकाचं ॲव्हरेज लिटरला साडेतेरा, बाकी चौघांचं बाराच्या आसपास, आणि चार नंबरचं दहा.

आज बाईंनी बोलावलं. बाई म्हणजे आमच्या मालकीणबाई. डोळ्याला धार लागलेली, महिन्याच्या मध्यावर मोतीबिंदू काढायला लेकीकडे जाणार आहेत. म्हणाल्या, "गाड्या सारख्या, मग डिझेल सारखं का लागत नाही? मी परत येईन तेव्हा मला कारण सांगा."

मी म्हणालो, "बाई, कारण नाही, चोर सांगतो."

"मला कारण हवंय," त्या म्हणाल्या.

बाईमाणूस. कारण आणि चोर यांत फरक असतो असं वाटतं त्यांना.

बुधवार, ५

भिंतीवर नियम लावला. शब्द माझेच: 'महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ज्याचं ॲव्हरेज तळाला, त्याला नारळ. सबब चालणार नाही.' खाली फळ्यावर सहा नावांचा तक्ता. आठवड्याला टाकी गळ्यापर्यंत भरायची, पुढच्या आठवड्याला परत गळ्यापर्यंत, मधले किलोमीटर भागिले लिटर. चौथीतल्या पोराला येईल असा हिशोब, पण तीन नंबरवाल्याने दोनदा समजावून घेतला.

चार नंबरवाल्याला काही समजावून घ्यावंसं वाटलं नाही. तो चष्मा कपाळावर चढवून नियम वाचत उभा राहिला आणि डबा धुवायला गेला. त्याला सगळे 'सावकाश' म्हणतात. अठ्ठावन्न वर्षांचा, इथे बावीस वर्षं. नावातच सगळं आलं. दोन नंबर माझ्या भाच्याकडे आहे. मीच लावलं त्याला. साडेतेरा त्याचंच. रक्तात असावं लागतं.

शनिवार, ८

सावकाश केबिनमध्ये आला. टोपी हातात.

"साहेब, चारवरचा बोर्ड उतरवला तर बघा ना. वारा धरतो."

चार नंबरच्या केबिनवर जो बोर्ड आहे, तो मी करून घेतलाय. चार फूट उंच पत्रा, लोखंडी चौकट, निळ्या अक्षरांत दुकानाचं नाव आणि खाली 'काच असावी तर अशी.' हे वाक्य मला आंघोळ करताना सुचलं होतं. लोक मान वर करून बघतात. सहाही गाड्यांवर लावणार होतो, पण बाई म्हणाल्या आधी एकीवर बघू.

"बोर्ड आहे तो, शीड नाही," मी म्हणालो.

"आणि चढावरची वसाहतही माझ्याचकडे. दिवसाला चार खेपा वर."

"चढाला उतार असतो की नाही? उतरताना डिझेल वाचतं ना? मग झालं बरोबर."

तो गप्प बसला. युक्तिवाद संपला की ही माणसं गप्प बसतात, आणि लोकांना वाटतं केवढे समजूतदार.

सोमवार, १०

चार नंबरच्या टाकीच्या झाकणाला लाखेचं सील लावलं. कुणाला न सांगता, सगळे जेवायला गेले असताना. त्याच्या जॅकेटचा वासही घेतला. डिझेलचा नव्हता, साबणाचा होता. म्हणजे रोज धुतो. कशाला धुतो?

शुक्रवार, १४

सील जसंच्या तसं. टाकीत डिझेल मात्र नेहमीइतकंच कमी. मी मनात त्याला दाद दिली. इतक्या सफाईने चोरणारा माणूस बावीस वर्षं कुणाच्या नजरेत आला नाही, यात नवल ते काय.

बाई परवाच लेकीकडे गेल्या. जाताना म्हणाल्या, "माणसांशी नीट वागा." मी कधी नीट वागलो नाही?

शनिवार, १५

आज माझी गाडी घेऊन सावकाशच्या मागे गेलो. त्याच्या नजरेत येऊ नये म्हणून कधी मागे, कधी पुढे. सगळं लिहून ठेवतो, पुरावा म्हणून.

निघायच्या आधी वीस मिनिटं काचा बांधत बसला. जुन्या चादरींच्या घड्या करून ठेवल्यात, त्या प्रत्येक दोन काचांमध्ये सरकवतो. भंगारवाला शोभतो. गाडी चाळीसच्या वर नेत नाही. सिग्नल लांबवर दिसला की पाय काढून घेतो आणि गाडी आपली रांगत राहते. मला वाटलं डुलकी लागली. मी झोकात पुढे जाऊन सिग्नलला पहिला उभा राहिलो. लाल. हा मागून रांगत आला, तोवर हिरवा झाला, आणि हा न थांबता माझ्या बाजूने निघून गेला. असं तीनदा झालं. नशीब असतं एकेकाचं.

डिझेल कुणाला विकताना दिसला नाही. कुठे थांबलाच नाही. चढावर एका घरी आरसा पोचवला, तिथल्या आजीने पाणी दिलं ते उभ्याउभ्या प्यायला. काच फुटली नाही. त्याच्या गाडीत कधीच फुटत नाही. फुटेल कशी, तो चालवतच नाही, ढकलतो.

त्याच्या मागे फिरून माझ्या गाडीचं पेट्रोल मात्र निम्मं संपलं. माझ्या गाडीचं ॲव्हरेज अकरा. शोरूमवाल्याने सतरा सांगितलं होतं. तीन पत्रं लिहिली त्या लबाडांना, चौथं आज लिहायला घेतलं.

रविवार, १६

बायकोला तिच्या बहिणीकडे सोडलं. ती मागे बसली. पुढे बसलं की तिला मळमळतं. निघण्याआधी गोळी घेतली.

"बसमध्ये नाही लागत तुला गोळी," मी म्हणालो.

"बसमध्ये नाही लागत," ती म्हणाली.

मग मी तिला माझी युक्ती सांगितली. उद्यापासून गाड्यांची अदलाबदल. भाचा चारवर, सावकाश दोनवर, रस्तेही बदलून. गाडी तीच, माणूस दुसरा, म्हणजे चोर आपोआप उघडा पडेल.

"आणि चोर नसेल तर?"

"मग डिझेल जातं कुठे?"

"तेच तर तुम्ही शोधताय ना," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. हिला काही सांगण्यात अर्थ नाही.

बुधवार, १९

भाचा संध्याकाळी तोंड वाकडं करून आला. "मामा, ती गाडी नाही, म्हैस आहे. बायपासला साठच्या वर नेली की मागे कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटतं. आणि वर चढताना पहिल्या गिअरशिवाय हलत नाही."

"दाबायची," मी म्हणालो. "गाडीला भीती दाखवावी लागते."

एक आरसा फुटला. पहिलाच आठवडा, सवय नाही.

शनिवार, २२

आकडे आले. दोन्ही लाल शाईने लिहितो.

भाचा, चार नंबरवर: सात पूर्णांक नऊ.

सावकाश, दोन नंबरवर: पंधरा पूर्णांक आठ.

पंधरा आठ! दोन वर्षांत कुठल्याच गाडीने दिलेलं नाही. याचा अर्थ एकच. आपल्यावर नजर आहे हे म्हाताऱ्याला कळलं आणि त्याने हात आवरला. म्हणजे इतके दिवस हात चालत होता. याहून सरळ पुरावा कोर्टातही मिळत नाही.

भाच्याच्या आकड्याचं मी तीन वेळा गणित केलं. पोरगं वाईट संगतीला लागलं असणार. चार नंबरमध्ये आठवडाभर बसून त्या माणसाचं वारं लागलं.

दुपारी ताईचा फोन आला. माझी थोरली बहीण, भाच्याची आई. "नियम तू लिहिलास म्हणे. माझ्या पोराला काढणार आहेस का?" मी म्हणालो, ताई, काळजी करू नकोस. शेवटच्या आठवड्यात तो परत दोनवर जाईल. न्याय करायचा तर आपल्या माणसाला सोडून करता येत नाही, पण आपल्या माणसाला धरूनही करता येत नाही. हे वाक्य मला बरं वाटलं.

सोमवार, २४

सावकाशला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं नाही. बाकीच्यांनी ऐकावं म्हणूनच.

दोन्ही आकडे समोर ठेवले. "तुझ्या गाडीवर दहा, दुसऱ्याच्या गाडीवर सोळा. काय समजायचं?"

त्याने चष्मा खाली घेऊन आकडे बघितले. "चारवर दहा म्हणजे चांगलंच होतं साहेब. पोरगं आठ नाही काढू शकलं."

"माझ्या भाच्याचं सोड. चोरी कबूल कर, बाईंच्या कानावर घालत नाही. नाहीतर किल्ली ठेव."

तो माझ्या टेबलाच्या काचेकडे बघत होता. मग म्हणाला, "अठ्ठावन्नाव्या वर्षी मला दुसरं कोण गाडी देणार, साहेब?"

मला वाटलं, आता येईल रडगाणं. आलं नाही. त्याने किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. ठेवली, टाकली नाही. "न केलेलं कबूल करून कसं चालेल," म्हणाला. "डिझेल कुठे जातं ते चारवर बसलात की कळेल तुम्हाला."

जाताना चार नंबरच्या मागून चादरींच्या घड्या उचलून घेऊन गेला. त्याच्या घरच्या होत्या म्हणे. ने बाबा, तुझी संपत्ती.

तक्त्यावरचं त्याचं नाव खोडलं. बाकीचे पाच जण फाटकाशी उभे होते. पाच नंबरवाला दुसऱ्याला हळूच म्हणाला, "'अर्धा लिटर'ने काढला त्याला." मागे वळलो तर सगळे आपापल्या चाकांकडे बघत होते. म्हणजे 'अर्धा लिटर' हे नाव माझं आहे. कधीपासून आहे कोण जाणे.

मंगळवार, २५

चार नंबरला माणूस नाही. दोन ठिकाणी विचारलं, त्यांनी गाडी बघितली, वर बोर्ड बघितला आणि उद्या सांगतो म्हणाले. ठीक आहे. महिनाअखेरपर्यंत मी चालवतो. या लोकांना एकदा दाखवूनच देतो. तक्त्यावर खोडलेल्या नावाच्या जागी माझं नाव लिहिलं, ठळक.

"साहेब, तुम्ही?" तीन नंबरवाल्याने विचारलं.

"पंधरा काढून दाखवतो," मी म्हणालो. सगळ्यांनी माना डोलावल्या. फार एकसारख्या डोलावल्या.

बुधवार, २६

गाडी खरंच म्हशीसारखी आहे. इंजिनात काहीतरी बिघडवून गेला असणार तो. बायपासला वारा समोरून होता, अख्खी केबिन हलत होती आणि वरून बोर्ड घोंघावत होता. दिवसभर तोच आवाज कानात. चढावर चार खेपा. उतारावर ब्रेकचा जळका वास. उतारात डिझेल वाचतं हे ज्याने कुणी सांगितलं त्याने काचा भरून गाडी उतरवलेली नसणार. मीच सांगितलं होतं, आठवलं.

गुरुवार, २७

दोन खिडक्या आणि एक आरसा फुटला. एकाच ब्रेकमध्ये. समोर सिग्नल लाल झाला, मी दाबला, मागून आवाज आला. सगळा दोष सिग्नलचा. रस्त्याच्या कडेला गाडी लावून तुकडे गोळा करताना डावा तळवा कापला. सहा टाके पडले.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काचांच्या मध्ये काही घालत नाही तुम्ही?"

"एक जण घालायचा," मी म्हणालो. "आता नाही."

शनिवार, २९

टाकी भरली. पंपवाल्याला दोनदा थांबवून मीटर बघितलं. घरी येऊन तीन वेळा भागाकार केला, एकदा बायकोच्या मोबाइलवर.

सहा पूर्णांक नऊ.

भाच्यापेक्षा एक लिटर... नाही, एक किलोमीटर कमी. काय लिहितोय तेही कळत नाही. डिझेल मी चोरलं नाही. एवढं एक या जगात मला नक्की ठाऊक आहे. टाकीला हात लावला नाही, कुणाला थेंब विकला नाही, जॅकेटला वासही नाही. तरी ते गेलं.

मग त्याचंही तसंच गेलं असेल का?

हे वाक्य खोडायला पेन उचललं होतं. राहू दे.

बायको म्हणाली, "जेवायला चला." तिला आकडा सांगितला. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

रविवार, ३०

गोदामात कुणी नसताना जाऊन आलो. तक्त्यासमोर खडू घेऊन उभा राहिलो. सहाच्या जागी सोळा लिहायला एक रेघ पुरते. लिहिली. मग पुसली, कारण सोळावर कोण विश्वास ठेवणार, आणि माझं ड्रायव्हिंग बघितलेला कुणी ठेवणार नाही हे मला उभ्याउभ्या कळलं. पायरीवर बसून राहिलो.

सोमवार, ३१

बाई आल्या. डोळ्यावर काळा चष्मा. सरळ तक्त्यापुढे गेल्या, चष्मा काढला, आणि नव्या डोळ्याने पहिली गोष्ट वाचली ती माझा नियम. मग खालून वर नावं. तळाला मी.

"सावकाश कुठेय?"

सांगितलं. सील, जॅकेट, पाठलाग, आकडे, सगळं. सांगता सांगता माझ्याच कानांना ते कसं लागतंय हे ऐकू येत होतं, आणि थांबता येत नव्हतं.

बाई अंगणात गेल्या. चार नंबरच्या समोर उभ्या राहून वर बोर्डाकडे बघितलं. वाऱ्याने तो खडखडत होता. मग मागे जाऊन हौद्यात बघितलं, काचा ठेवायची नुसती चौकट, चादर एकही नाही.

"त्याने तुम्हाला काही सांगितलं होतं?"

"बोर्ड वारा धरतो म्हणाला होता. आणि चढाचं."

"म्हणजे कारण त्याने आठ तारखेलाच दिलं होतं."

मी काही बोललो नाही. युक्तिवाद संपला होता.

"नियम तुमचा," बाई म्हणाल्या. "सबब चालणार नाही, असंही तुम्हीच लिहिलंय. आता जा आणि त्याला घेऊन या. तो आला तर तुम्हीही या. नाही आला तर तुम्हीही येऊ नका."

एका शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या, तिथे सावकाश राहतो. माझी गाडी उभी करताना डाव्या हाताने गिअर पडेना, तीनदा इंजिन बंद पडलं, आणि वर खिडकीतून तो ते बघत होता. दार त्याच्या बायकोने उघडलं. हातात पाण्याचा पेला आणि चेहऱ्यावर काही नाही. "आठवडाभर सहाला उठतात," ती म्हणाली. "कपडे घालतात, बूट घालतात, आणि बसून राहतात." कोपऱ्यात चादरींच्या घड्या रचून ठेवल्या होत्या, धुतलेल्या.

त्याच्या पायात बूट होते.

मी उभाच राहिलो. मग जे म्हणायला हवं होतं ते म्हणालो. काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. एवढंच लिहितो की त्याला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणालो आणि जीभ अडखळली.

"चोर म्हणालात, ते दार उघडं ठेवून म्हणालात," तो म्हणाला.

"हो. हे पण दार उघडं ठेवून म्हणेन. सगळ्यांसमोर."

"आणि बोर्ड?"

"आज उतरवतो."

तो उठला. घड्या काखेत घेतल्या. जिन्यात माझ्या पट्टीकडे बघून म्हणाला, "किल्ली द्या. या हाताने कसं चालवणार?"

माझ्या गाडीत मी आजवर डाव्या बाजूला बसलेलो नाही. समोरच्या पडद्यावर आकडा येतो, चालू फेरीचं ॲव्हरेज. इतकी वर्षं माझ्यासमोर तो अकराच्या आसपास मरून पडलेला असतो. बाजारातून निघालो तेव्हा नऊ होता. मग बारा. सावकाश कुठेच थांबत नव्हता आणि कुठेच घाई करत नव्हता. लांबूनच पाय काढून घ्यायचा, सिग्नल आपोआप हिरवा व्हायचा. चौदा. पुलावर पंधरा. बायको मागे असती तर तिला गोळी लागली नसती. मला रुमाल टाकून तो आकडा झाकावासा वाटत होता आणि नजरही काढवत नव्हती. शोरूमला लिहिलेलं चौथं पत्र खिशात होतं, ते तसंच चुरगाळलं.

फाटकाशी आलो तेव्हा सतरा पूर्णांक चार झाले होते. पाचही जण अंगणात उभे होते, बाई पायरीवर. सावकाशने इंजिन बंद केलं आणि आकडा विझला. त्याने तो पूर्ण रस्त्यात एकदाही बघितला नव्हता.

"साहेब," तो म्हणाला, "उचला आता पाय."

मी खाली बघितलं. माझा उजवा पाय समोरच्या पायपुसण्यात रुतून बसला होता. त्याच्या घरापासून इथपर्यंत, प्रत्येक वळणाला आणि प्रत्येक सिग्नलला, मी नसलेला ब्रेक दाबत आलो होतो.